छापील टी-शर्टचा रंग धुण्यात का जातो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या टी-शर्टच्या ऑर्डरी सुरू होतात. पाठोपाठ नवरात्र येते, मग कबड्डी-क्रिकेटच्या जर्सी, शाळांची स्नेहसंमेलने. पूर्वी फक्त फ्लेक्स किंवा झेरॉक्स करणाऱ्या दुकानांतही आता हीट प्रेस (तापलेल्या प्लेटने कापड दाबणारे यंत्र) दिसते आणि सब्लिमेशनची, म्हणजे कागदावरचा रंग तापाने कापडात उतरवण्याची, छपाई तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. तिच्यामागोमाग एक तक्रारही पोहोचली आहे: 'एका धुण्यात रंग गेला.' गिऱ्हाईक छापणाऱ्याला बोल लावते, छापणारा शाईला आणि शाईवाला कागदाला. या व्यवसायातले असल्यामुळे आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते की बहुतेक वेळा दोष कापडाच्या निवडीत असतो, त्याखालोखाल न मोजलेल्या तापमानात आणि ओलाव्यात. तिन्ही गोष्टी छापण्याआधी तपासता येतात आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

आधी मुळातली क्रिया. सब्लिमेशनची शाई म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले डिस्पर्स (पाण्यात न विरघळणाऱ्या) रंगांचे अतिसूक्ष्म कण. प्रिंटर ती कागदावर उलटी प्रतिमा म्हणून छापतो. कागद कापडावर ठेवून साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसला दाबला की रंग द्रव न होता थेट वायू होतो. त्याच तापाने पॉलिएस्टरच्या तंतूंची आतली रचना सैल झालेली असते, त्यामुळे वायू तंतूच्या आत शिरतो. कापड थंड झाले की रचना पुन्हा घट्ट होते आणि रंग आतच अडकतो. म्हणून चांगल्या सब्लिमेशनवरून बोट फिरवले तर हाताला काहीच लागत नाही, आणि ते सोलत किंवा तडकत नाही. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी ही पद्धत शोधली. ती मुळातच पॉलिएस्टरसाठी आहे.

सुती तंतूत हा रंग शिरत नाही. वायू सुतावर नुसता बसतो आणि साबणाच्या पाण्यात निघून जातो. सगळा घोळ इथे होतो, कारण प्रेसमधून काढल्या-काढल्या पॉली-कॉटनचा टी-शर्टसुद्धा छान दिसतो. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जाते. पहिल्या धुण्यात सुतावर बसलेला रंग जातो, पॉलिएस्टरमध्ये शिरलेला राहतो आणि चित्र विटते. ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सूत असेल तर धुतल्यावर फिकट पण एकसारखी छपाई उरते. जुनाट दिसणारे चित्र हवे असेल तर तेही चालते, मात्र गिऱ्हाइकाला ते आधी दाखवलेले असावे. अर्धे-अर्धे मिश्रण असेल तर ऑर्डर नाकारलेली बरी. नायलॉन हा रंग घेते, पण धुण्यात नीट धरून ठेवत नाही.

बाजारात कापड डॉट निट, राइस निट, मायक्रो, इंटरलॉक, मॅटी अशा नावांनी मिळते. ही नावे विणीची आहेत, त्यांवरून धाग्याची खात्री होत नाही. मॅटीच्या बाबतीत तर विशेष सांभाळावे: कॉलरच्या टी-शर्टचे ते लोकप्रिय कापड शुद्ध पॉलिएस्टरमध्येही येते आणि सूत मिसळलेलेही येते, आणि गठ्ठ्यावरून फरक कळत नाही. तेव्हा व्यापाऱ्याकडून बिलावर धाग्याचे प्रमाण आणि जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) लिहून घ्यावे. टी-शर्टसाठी १४० ते १८० जीएसएमचे पांढरे, शंभर टक्के पॉलिएस्टर हे सर्वांत भरवशाचे.

बिलावर विसंबूनही राहू नये. कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरावेत, खाली स्टीलची ताटली ठेवावी आणि पेटवून पाहावे. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि शेवटी कडक गोळी उरते. सूत कागद जळल्यासारखा वास देत जळते आणि बोटाने चुरगळणारी राखाडी राख उरते. गोळी चुरगळली आणि राखही मिळाली तर कापड मिश्र आहे. मिश्रणाचे प्रमाण मात्र या परीक्षेतून कळत नाही. त्यासाठी धुवूनच पाहावे लागते.

धुण्याची चाचणी अशी. त्याच ताग्यातल्या तुकड्यावर काळा, लाल, निळा आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग असलेला छोटा नमुना छापावा. तुकडा मधून कापावा. अर्धा जपून ठेवावा. दुसरा ४० अंशांच्या कोमट पाण्यात नेहमीच्या डिटर्जंटने तीनदा धुवावा, प्रत्येक वेळी चांगला चोळावा, वाळवावा आणि दोन्ही तुकडे दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवावेत. काळ्यात फरक दिसला तर त्या ताग्यावर छापू नये. एवढे केले की शंभर टी-शर्टची ऑर्डर अंगावर येण्याची धास्ती उरत नाही. आमच्या मते ही एक सवय सगळ्या दुकानांनी लावून घेतली तरी निम्म्याहून जास्त तक्रारी थांबतील.

आता तापमान. हीट प्रेसच्या डब्यावर २०० आकडा दिसतो, तो प्लेटमध्ये जिथे सेन्सर आहे त्या एका ठिकाणचा. कोपऱ्यांत तेवढा ताप असेलच असे नाही. पातळ प्लेटच्या स्वस्त यंत्रांत मध्य आणि कोपरा यांत दहा-दहा अंशांचा फरक असतो, आणि तेवढ्याने काळ्याची छटा बदलते. मोजायला अनेकजण इन्फ्रारेड गन वापरतात. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवते, तो पाहून माणूस ताप वाढवतो आणि कापड करपते. त्यापेक्षा के-टाइप थर्मोकपल (ताप मोजणारी तार) जोडता येणारा साधा डिजिटल मल्टीमीटर घ्यावा. प्रोबचे टोक कापडाच्या दोन थरांत ठेवावे, प्रेस बंद करावी आणि मिनिटभराने आकडा वाचावा. कापडाला खरोखर मिळणारा ताप तो हा. मध्यावर आणि चार कोपऱ्यांवर असे पाच वेळा मोजावे आणि आकडे प्रेसच्या अंगावरच मार्करने लिहून ठेवावेत. पाच अंशांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर डिझाइन त्या कोपऱ्यापासून आत घ्यावे किंवा प्लेट दाखवून घ्यावी.

विजेचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २००० वॉट देणारी प्रेस १८० व्होल्टवर जेमतेम १२२५ वॉट देते. आकडा २०० ला पोहोचतो खरा, पण एक टी-शर्ट दाबल्यावर प्लेट थंड होते आणि पुढच्यापर्यंत सावरत नाही. 'सकाळचे चांगले निघाले, संध्याकाळचे फिकट निघाले' या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच. त्यावर उपाय म्हणजे प्रेससाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, जाडीला पुरेशी तांब्याची वायर, नीट अर्थिंग. आणि दर टी-शर्टनंतर आकडा परत ठरलेल्या जागी येईपर्यंत थांबण्याचा संयम. सुरुवातीला प्रेस वीस मिनिटे तापू द्यावी आणि दोन-तीनदा रिकामीच बंद करून खालची सिलिकॉनची गादीही गरम आणि कोरडी करून घ्यावी. दिवसाचा पहिला टी-शर्ट फिका निघण्याचे कारण थंड गादी असते.

मग नेमका ताप किती आणि वेळ किती? पॉलिएस्टर कापडासाठी १९५ ते २०५ अंश आणि ४० ते ६० सेकंद हा पट्टा. लायक्रा मिसळलेल्या कापडाला १८० ते १९० अंशांवरच ठेवावे, नाहीतर ताण जातो. या पट्ट्यात आपल्या यंत्राची नेमकी जागा शोधायला अर्धा तास द्यावा. तोच नमुना नऊ तुकड्यांवर १९५, २०० आणि २०५ अंशांना, प्रत्येकी ४०, ५० आणि ६० सेकंद दाबावा. कोणता तुकडा कोणता हे नंतर आठवत नाही, म्हणून ताप आणि वेळ डिझाइनमध्येच टाइप करून छापावे. ज्या सर्वांत कमी तापाला आणि वेळेला काळा रंग भरीव आणि चेहरा नैसर्गिक येतो, ती आपली जागा. तिथून पुढे ताप वाढवून फायदा नाही. काळा रंग अनेक डिस्पर्स रंग मिळून बनतो आणि प्रत्येकाचा वायू होण्याचा वेग वेगळा असतो. त्यामुळे ताप कमी पडला तरी आणि जास्त झाला तरी समतोल बिघडतो, काळा तपकिरी किंवा हिरवट दिसू लागतो. नुसते पाहून 'अजून भाजा' असे ठरवू नये, नऊ तुकड्यांशी ताडून पाहावे. वापरलेला कागदही बोलतो: त्यावर फिकट सावली उरणे साहजिक आहे, पण गडद चित्र उरले असेल तर रंग कापडात गेलेलाच नाही.

दाब हलका ते मध्यम असावा. विनाइलच्या (कापडावर चिकटवायच्या प्लास्टिक फिल्मच्या) कामाची सवय असलेले कारागीर हँडल जोर लावून आवळतात, आणि कापडावर चकाकी येते. दाब सगळीकडे सारखा आहे का हे पाहायला चार कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून थंड प्रेस बंद करावी आणि पट्ट्या ओढाव्यात. चारही सारख्याच अडकल्या पाहिजेत.

पावसाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडचा सर्वांत मोठा हंगाम ऐन पावसात येतो. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कागद, कापड, वर ठेवायचा बटर पेपर, सगळेच ओल धरतात. २०० अंशांच्या प्लेटखाली या ओलीची क्षणात वाफ होते, ती रंगाच्या वायूला बाजूला ढकलते. अक्षरांभोवती धूसर कड येते, सपाट रंगात ढगांसारखे डाग पडतात. लोक याला शाईचा दोष समजतात आणि शाई बदलतात, मग नव्या शाईवरही तेच. कागदाचे पाकीट उघडल्यावर झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवावे आणि लागतील तेवढेच कागद बाहेर काढावेत. छापलेला कागद पाच-दहा मिनिटे वाळू द्यावा. भरगच्च रंगाचे चित्र असेल तर आणखी. टी-शर्ट प्रेसवर ठेवून कागदाशिवाय पाच ते दहा सेकंद दाबावा, प्रेस उघडून वाफ जाऊ द्यावी. पावसाळ्यात हे दोनदा करावे. बटर पेपरही एकदा कोराच दाबून घ्यावा. याच कोरड्या दाबात कापड जेवढे आक्रसायचे तेवढे आक्रसून घेते, हा दुसरा फायदा.

कोरडा दाब देण्याआधी चिकट रोलर फिरवायला विसरू नये. पांढऱ्या टी-शर्टवर छपाईनंतर निळे-लाल बारीक ठिपके उमटतात ते शाईचे शिंतोडे नसतात. हवेत उडणारे रंगीत धाग्यांचे सूक्ष्म तंतू कापडावर बसलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, तापाने त्यांचा रंग कापडात उतरतो. एकदा उतरला की निघत नाही. म्हणून प्रेसच्या खोलीत शिवणकाम, कापड कापणे टाळावे आणि छापण्याच्या वेळी वरचा पंखा बंद असावा.

चित्राला दुहेरी कड किंवा सावली दिसते, तिचे कारण कागदाचे सरकणे. प्रेस उघडताना झटका बसला की गरम कागद जरासा उचलून पुन्हा कापडावर पडतो. तेव्हाही रंगाचा वायू निघत असतोच, म्हणून दुसरी फिकट प्रतिमा उमटते. कागद दोन कडांना उष्णतारोधक टेपने चिकटवावा, प्रेस हळू उघडावी आणि कागद गरम असतानाच एका दमात, न घासता उचलावा. शिंपल्यासारखी उघडणारी यंत्रे यात जास्त त्रास देतात. बाजूला फिरणारी प्लेट असलेली प्रेस थोडी महाग असली तरी घेण्यासारखी आहे. टॅकी म्हणजे गरम झाल्यावर किंचित चिकटणारा कागद मिळतो, जर्सीच्या कामाला तोच घ्यावा.

चित्राभोवती कागदाच्या आकाराची चौकोनी रेघ उमटते, तिचा रंगाशी संबंध नसतो. कागदाच्या धारदार कडेने दाबलेले पॉलिएस्टर तिथे चपटे होते. कागदाच्या कडा कात्रीने न कापता हाताने फाडाव्यात, म्हणजे कड बोथट होते. दुसरा उपाय जास्त चांगला: टी-शर्टच्या आत कागदापेक्षा किंचित लहान फोमची टेफ्लॉन-वेष्टित गादी घालावी. कागदाची कड गादीबाहेर लोंबती राहते आणि तिथे दाबच बसत नाही. शिवणी, कॉलर, बटणपट्टीही याच गादीमुळे प्लेटच्या दाबातून सुटतात. शिवणीच्या जाडीमुळे शेजारच्या पट्ट्यात दाब बसत नाही आणि फिकट रेघ राहते, तोही प्रश्न मिटतो.

पुढची बाजू छापून झाल्यावर पाठीवर नाव-नंबर छापायचे असतात. तेव्हा आधीचे चित्र खालच्या गरम गादीवर येते आणि त्यातला रंग पुन्हा उडून गादीवर, तिथून पुढच्या टी-शर्टवर जातो. दर वेळी खाली आणि टी-शर्टच्या आत नवा कोरा कागद ठेवावा. टेफ्लॉनचे कापड पुसून वापरत राहणे धोक्याचे, त्यावर बसलेला रंग दिसत नाही आणि पुढच्या पांढऱ्या टी-शर्टवर उमटतो. छापलेले कपडे गरम असतानाच एकावर एक रचू नयेत.

शिवलेल्या टी-शर्टवर गळ्यापासून घेरापर्यंत सगळीकडे छापून देतो असे कोणी सांगितले तर गिऱ्हाइकाने सावध व्हावे. काखेत आणि घड्यांत पांढऱ्या चिरा राहणारच. तशा जर्सीसाठी पुढचा, मागचा आणि बाह्यांचे भाग आधी छापून मग शिवतात. त्यात आक्रसण्याचा हिशेब लागतो. कापडावर उभी आणि आडवी ३० सेंटिमीटरची रेघ पेन्सिलने ओढावी, ठरलेल्या तापाला दाबावे, पुन्हा मोजावे. उभी रेघ २९ भरली तर त्या दिशेला सव्वातीन-साडेतीन टक्के वाढवून पॅटर्न काढावा. उभे आणि आडवे आक्रसणे सारखे नसते.

प्रिंटरकडे वळू. सब्लिमेशनची शाई पिझो हेडच्याच (उष्णतेशिवाय, विजेच्या स्पंदनाने शाई ढकलणाऱ्या) प्रिंटरमध्ये चालते, म्हणून आपल्याकडे इप्सनचे टाकीवाले प्रिंटर या कामाला दिसतात. शाई उष्णतेने ढकलणारे हेड इथे निरुपयोगी. रंगाचे कण तळाशी बसतात, म्हणून बाटली भरण्याआधी हळुवार हलवावी, फेस होऊ देऊ नये. दोन कंपन्यांची शाई एका टाकीत मिसळू नये. रोज सकाळी नोझलच्या (शाई सोडणाऱ्या छिद्रांच्या) तपासणीचा कागद काढावा. आठ दिवस प्रिंटर बंद राहिला तर पट्टे यायला सुरुवात होते. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असली की नोझलही सुकत नाही आणि कागदही भिजत नाही. स्वस्तात मिळणारा साधा आर्द्रतामापक भिंतीवर टांगलेला असावा.

सब्लिमेशनच्या कागदावर छापलेले चित्र मळकट दिसते, ते पाहून घाबरू नये. रंग खुलतो तो कापडात गेल्यावर. पण खुललेला रंग स्क्रीनवरच्यासारखा यायचा तर शाई, कागद आणि कापड या तिघांसाठी बनवलेला आयसीसी प्रोफाइल (रंगांचा मेळ घालणारी फाइल) लागतो. तो फोटोशॉपमध्ये निवडावा आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधला रंगसुधार बंद करावा. दोन्हीकडे चालू राहिला तर रंग दोनदा बदलतो. फाइल आरजीबीमध्येच (लाल-हिरवा-निळा या रंगपद्धतीत) ठेवावी, प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआयची असावी. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेला लोगो छापू नये, तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

आपल्याकडे सर्वांत जास्त वाद भगव्यावरून होतात. कुठे तो लाल होतो, कुठे पिवळा. यावर प्रोफाइलपेक्षाही सोपा मार्ग आहे. लाल २५५ आणि निळा शून्य ठेवून हिरव्याचा आकडा ९० पासून १६० पर्यंत दहा-दहाने वाढवत आठ चौकोन करावेत, खाली आकडे टाकावेत, त्याच कापडावर छापावेत आणि मंडळाच्या माणसाला कापडावर बोट ठेवून निवडायला सांगावे. मोबाइलच्या पडद्यावर रंग ठरवला की भांडण ठरलेलेच. पिवळ्या कापडावर निळा छापला तर हिरवा होणार हेही तेव्हाच सांगून टाकावे, कारण या पद्धतीत पांढरी शाई नसते आणि चित्रातला पांढरा म्हणजे कापडाचाच पांढरा. गडद कापडावर सब्लिमेशन होत नाही.

देवनागरीसाठी दोन खबरदाऱ्या. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या संगणकावर फाइल नेण्याआधी अक्षरे कर्व्हमध्ये (म्हणजे आकृतीत) बदलावीत, नाहीतर जोडाक्षरे फुटतात. आणि रंग कापडात किंचित पसरतो, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरचे बारीक पांढरे अक्षर भरून जाते. आधी जातात ते अनुस्वार आणि रफार. मंडळाच्या नावातला अनुस्वार गेला तर कार्यकर्ते दुखावतात, आणि त्यांचे बरोबरच असते. अशा जागी जाड वळणाचा टाइप घ्यावा, अनुस्वाराचा ठिपका हाताने मोठा करावा.

सुती किंवा गडद टी-शर्टच हवा असेल तर डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) हा प्रामाणिक पर्याय आहे. त्यात फिल्मवर पांढऱ्या शाईसह चित्र छापून, तापाने वितळणारी चिकट पावडर लावून, ते सुमारे १५० ते १६० अंशांना दहा-पंधरा सेकंद दाबतात. चित्र कापडावर थर म्हणून बसते, हाताला लागते, मोठे असेल तर घामाला कोंडते. सुतावर पॉलिमरचा फवारा किंवा लेप देऊन सब्लिमेशन करण्याचे प्रकार विकले जातात. त्यांनी कापड कडक होते आणि लेप धुण्यात गेला की रंगही जातो. लाल किंवा मरून पॉलिएस्टर जर्सीवर डीटीएफचा पांढरा नंबर काही दिवसांत गुलाबी होतो. तिथे जर्सीचाच रंग उष्णतेने वर चढतो. त्यासाठी रंग अडवणारी पावडर किंवा फिल्म मागावी आणि ताप शक्य तितका कमी ठेवावा. दुकानदाराने गिऱ्हाइकाला बिलावर 'सब्लिमेशन' की 'डीटीएफ' एवढा एक शब्द लिहून द्यावा.

टी-शर्ट घेणाऱ्यांनीही थोडे सांभाळावे. या पद्धतीत मुद्दाम सहज उडणारे रंग वापरतात, म्हणून कडक इस्त्रीने ते पुन्हा उडून दुसऱ्या बाजूला लागतात. टी-शर्ट उलटा करून पॉलिएस्टरच्या कमी तापावर इस्त्री करावी. उन्हात वर्षभर फडकणाऱ्या झेंड्याचा रंग धुण्याने जाईल त्याहून लवकर उन्हाने जातो. काही डिस्पर्स रंगांची त्वचेला अॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे लहान मुलांचे नवे कपडे एकदा धुऊनच घालावेत आणि छापणाऱ्याने शाईवाल्याकडून सुरक्षिततेचे माहितीपत्रक मागून घ्यावे. छपाईच्या खोलीत धूर ओढणारा एक्झॉस्ट हवाच, फक्त त्याचा झोत प्लेटवरून जाऊ देऊ नये.

शाळा, पंचायती आणि क्रीडा मंडळे मोठ्या ऑर्डरी काढताना बहुधा केवळ दर विचारतात. त्यांनी मागणीपत्रात 'शंभर टक्के पॉलिएस्टर' आणि जीएसएम तर लिहावेच, शिवाय धुण्याचा पक्केपणा आयएसओ १०५-सी०६ प्रमाणे आणि घासण्याचा १०५-एक्स१२ प्रमाणे किमान चार अशी अट घालावी. पाचांपैकी चार म्हणजे चांगला. झेंड्यांसाठी उन्हाची चाचणी १०५-बी०२ आहे, तिची मोजपट्टी एक ते आठ अशी असते. मुंबईत वरळीला सासमिरा आणि घाटकोपरला बीटीआरए या वस्त्रोद्योगाच्या जुन्या संशोधन संस्था आहेत, इचलकरंजीत डीकेटीई हे वस्त्र अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. अशा संस्थांनी आणि आयटीआयनी छोट्या छपाईवाल्यांसाठी दोन दिवसांचे प्रात्यक्षिक वर्ग ठेवले, त्यात थर्मोकपल, जाळून पाहणे आणि धुण्याची चाचणी एवढेच शिकवले तरी कर्ज काढून प्रेस घेणाऱ्या शेकडो तरुणांचे आणि बचतगटांतल्या बायकांचे नुकसान टळेल. यंत्र विकणाऱ्यांनीही यंत्रासोबत पाच बिंदूंच्या तापाचा तक्ता द्यावा, ही आमची जाहीर मागणी आहे.

शेवटी एक विनंती, खास करून दुकानदारांना. वापरलेल्या सब्लिमेशन कागदावर रंग उरलेला असतो. तो रद्दीत घालू नये. तिथून तो भेळ-वडापाव बांधायला जातो. असे कागद वेगळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावेत आणि कोऱ्या बाजूवर मुलांना चित्रे काढायलाही देऊ नयेत.

आपले,
कापड छपाई व्यवसायातील काही वाचक
इचलकरंजी